आधी तयारी, मग घंटा : सर्व्हरमधलं प्लगिन कधी आणि कसं तयार होतं?



मागच्या वर्षी मी चौथीच्या वर्गाची गणिताची सराव चाचणी टॅबवर घेतली. गावात नेटचा भरवसा नाही, म्हणून शाळेतल्या जुन्या संगणकालाच सर्व्हर केलं आणि वायफायने १२ टॅब त्याला जोडले. चाचणीच्या प्रोग्रामचा सांगाडा माझ्या धाकट्या भावाने जावा भाषेत करून दिला होता. मे महिन्याच्या सुट्टीत थोडंफार शिकून त्यात भर मी घातली. घरी मी एकटीने तो दहा वेळा चालवून पाहिला. एकदाही चुकला नाही.

वर्गात मात्र पहिल्याच दिवशी गडबड झाली. १२ मुलांनी एकदम 'सुरू करा' दाबलं. सगळ्यांच्या पडद्यावर बराच वेळ नुसतं चक्र फिरत राहिलं आणि मग २० प्रश्नांच्या चाचणीत ४० प्रश्न आले. प्रत्येक प्रश्न दोनदा! मी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, आधी स्वतः एकदा चाचणी उघडून पाहिली, तेव्हा बरोबर २० दिसले. म्हटलं, झालं काम.

चाचणी संपल्यावर मी म्हणाले, "आता सगळ्यांनी एकदम 'जमा करा' दाबा." निकालाच्या यादीत एका मुलीचं नावच नव्हतं आणि एका मुलाचं नाव दोनदा होतं, एकदा १८ गुण आणि एकदा ११. मी त्या मुलीला म्हणाले, "बटण दाबायचं विसरलीस ना?" आणि त्या मुलाला म्हणाले, "दोनदा सोडवलीस का रे? दुसऱ्याचं बघून?" तो नाही म्हणाला. मी विश्वास ठेवला नाही. संगणक कसा चुकेल, असंच मला वाटलं.

संगणक चुकला नव्हताच. चूक माझ्या प्रोग्रामची होती. ती समजून घेताना मला जे शिकायला मिळालं ते आज तुमच्यासमोर मांडते. विषय जरा तांत्रिक आहे, पण शाळा चालवणाऱ्या माणसाला तो कळायला अवघड नाही.

आधी तीन शब्द

सर्व्हर म्हणजे मागेल त्याला माहिती देणारा प्रोग्राम. टॅबवर मूल बटण दाबतं तेव्हा सर्व्हरकडे एक विनंती जाते आणि सर्व्हर उत्तर पाठवतो.

प्लगिन म्हणजे मूळ प्रोग्रामला बाहेरून जोडलेला भाग. मूळ सर्व्हरला चाचणी म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्याला विनंती घेणं आणि उत्तर पोचवणं एवढंच येतं. चाचणीचं ज्ञान प्लगिनमध्ये असतं. आमच्या शाळेत सर्व्हर म्हणून टॉमकॅट वापरला होता. हा मोफत मिळणारा सर्व्हर आहे, १९९९ साली तो सन मायक्रोसिस्टिम्सकडून अपाचे या संस्थेकडे आला. त्यात जोडायच्या भागाला सर्व्हलेट म्हणतात. सर्व्हलेटच्या नियमांची पहिली आवृत्ती १९९७ ची. प्लगिन आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कसं वागायचं, हे त्या नियमांमध्ये लिहिलेलं आहे.

तिसरा शब्द थ्रेड. एकाच प्रोग्रामच्या आत एकाच वेळी चालणारी कामं म्हणजे थ्रेड. शाळेच्या स्वयंपाकघरातून पोषण आहार वाढताना एकच ताई सगळ्या मुलांना वाढत बसली तर मधली सुट्टी संपून जाईल. चार जणी वाढतात. भात एकाच पातेल्यातला, वाढणारे हात वेगवेगळे. हे हात म्हणजे थ्रेड. टॉमकॅट कोणी न सांगता, आपल्या मूळ मांडणीनुसार, निदान १० थ्रेड हाताशी तयार ठेवतो आणि गरज पडली तर २०० पर्यंत वाढवतो. म्हणजे २०० जणांची कामं तो एकाच वेळी हातात घेऊ शकतो.

आता महत्त्वाची गोष्ट. हात अनेक असले तरी प्लगिन एकच असतं. टॉमकॅट चाचणीच्या सर्व्हलेटच्या २०० प्रती काढत नाही. एकच प्रत असते आणि सगळे थ्रेड त्याच प्रतीत शिरून काम करतात. पुढची सगळी गंमत आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

तयारी म्हणजे काय?

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी आपण काय करतो? वर्ग झाडून घेतो, हजेरीपत्रक तयार करतो, पुस्तकांचे गठ्ठे मोजतो, फळा रंगवतो. हे काम मुलं येण्याआधी आणि एकदाच करायचं असतं. रोज प्रत्येक मुलासाठी नव्याने फळा रंगवत नाही.

प्लगिनचंही असंच असतं. प्रश्नांची फाइल वाचून ठेवणं, माहितीसाठ्याशी जोडणी करणं, निकालाची वही उघडून ठेवणं ही कामं वेळखाऊ असतात, पण एकदा केली की पुरतात. या कामांसाठी सर्व्हलेटमध्ये एक ठरलेली जागा असते. तिचं नाव इनिट. प्रत्यक्ष विनंती हाताळण्याची जागा वेगळी, तिचं नाव सर्व्हिस. आणि शेवटची आवराआवर करण्याची जागा म्हणजे डिस्ट्रॉय. शाळेच्या भाषेत पूर्वतयारी, तासिका आणि आवराआवर.

नियम असा आहे : सर्व्हर प्लगिनची प्रत तयार केल्यावर इनिटला एकदाच हाक मारतो. इनिट यशस्वीपणे पूर्ण होईपर्यंत त्या प्लगिनकडे एकही विनंती जाऊ देत नाही. म्हणजे दारात कितीही मुलं उभी असली तरी तयारी संपेपर्यंत दार बंद. तयारी झाली की दार उघडतं आणि मग सगळे थ्रेड एकदम आत येऊ शकतात.

हे वाक्य मी वाचलं तेव्हा माझी चूक मला अर्धी कळली.

पण ही हाक मारतात कधी?

इथे दोन पद्धती आहेत.

पहिली : सर्व्हर सुरू होतानाच. प्लगिनच्या माहितीत 'लोड-ऑन-स्टार्टअप' असं लिहून पुढे शून्य किंवा त्याहून मोठा आकडा दिला, तर सर्व्हर तो भाग सुरुवातीलाच तयार करतो. लहान आकडा आधी, मोठा आकडा नंतर. म्हणजे ज्याच्यावर दुसरं काही अवलंबून आहे त्याला १ द्यायचा, अवलंबून असणाऱ्याला २.

दुसरी : गरज पडेल तेव्हा. आकडा दिलाच नाही किंवा उणे आकडा दिला, तर कधी तयार करायचं ते सर्व्हरवर सोपवलेलं असतं. टॉमकॅट अशा वेळी थांबून राहतो. पहिली विनंती आली की मग तो प्लगिनला जागं करतो.

दुसऱ्या पद्धतीला आळशी म्हणून नावं ठेवू नका. तिचा फायदाही आहे. ज्या भागाचं काम वर्षातून एकदाच पडतं, त्याला रोज सकाळी तयार करून बसवायचं कशाला? स्नेहसंमेलनाचे पडदे आपण रोज लावतो का? त्यामुळे सर्व्हर लवकर सुरू होतो आणि स्मृतीही वाचते. मात्र पहिल्या येणाऱ्याला थांबावं लागतं. तयारी चालू असताना त्याच्या मागून आलेल्यांनाही थांबावं लागतं, कारण टॉमकॅट तिथे कुलूप लावतो. एकच थ्रेड तयारी करतो आणि बाकीचे दाराशी उभे राहतात.

आता पूर्ण क्रम एकदा सांगते. टॉमकॅटमध्ये एखादं ॲप सुरू होताना :

१. आधी लिसनर जागे होतात. ॲप सुरू झालं आणि बंद झालं, या दोन घटनांची खबर यांना मिळते. सगळ्यांना मिळून लागणारी तयारी इथे करतात.

२. मग फिल्टर तयार होतात. प्रत्येक विनंती यांच्यातून गाळून पुढे जाते. शाळेच्या फाटकावर गणवेश आणि ओळखपत्र बघणाऱ्या मामांसारखं.

३. मग आकडा दिलेली सर्व्हलेट आपापल्या क्रमाने तयार होतात.

४. उरलेली सर्व्हलेट पहिली विनंती येईपर्यंत झोपून राहतात.

सर्व्हर नव्याने सुरू होत असेल तर पहिल्या तीन पायऱ्या पार पडल्यावरच टॉमकॅट बाहेरच्या विनंत्या हाती घ्यायला लागतो. आधी तयारी, मग घंटा.

तयारीच बिघडली तर?

समजा प्रश्नांची फाइलच सापडली नाही. अशा वेळी इनिटने गप्प बसू नये, स्पष्टपणे 'जमलं नाही' असं कळवावं. मग सर्व्हर त्या प्लगिनला कामाला लावत नाही. अर्धवट तयार वर्गात मुलं बसवण्यापेक्षा वर्ग बंद ठेवलेला बरा. ज्याची सुरुवातच झाली नाही त्याची आवराआवरही नसते, म्हणून अशा प्रतीसाठी डिस्ट्रॉयला हाक मारली जात नाही.

टॉमकॅटमध्ये इथे एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. एखादं सर्व्हलेट सुरुवातीला तयार झालं नाही तरी बाकीचं ॲप सहसा चालू राहतं. पण लिसनर किंवा फिल्टर बिघडला तर अख्खं ॲपच सुरू होत नाही. बरोबरच आहे. एका वर्गाचे शिक्षक आले नाहीत तरी शाळा भरते. फाटकच उघडलं नाही तर कोणीच आत येत नाही.

माझी पहिली चूक : तयारी चुकीच्या जागी

भावाला मी फोन केला आणि ४० प्रश्नांची गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, "ताई, प्रश्नांची यादी कुठे भरतेस?"

"मूल आलं की बघते. यादी रिकामी असेल तर फाइल वाचून भरते. भरलेली असेल तर नाही भरत."

"आणि दोघं एकदम आले तर?"

मी गप्प. कारण उत्तर समोर होतं. पहिल्या थ्रेडने पाहिलं, यादी रिकामी आहे. तो फाइल वाचायला गेला. त्याची वाचून होण्याआधी दुसऱ्या थ्रेडने पाहिलं, यादी अजून रिकामीच. तोही गेला. पहिल्याने २० प्रश्न भरले, दुसऱ्याने त्याच यादीत आणखी २० भरले. झाले ४०. घरी मी एकटीच होते, दुसरा थ्रेड होताच कुठे? म्हणून दहाही वेळा बरोबर आलं. आणि सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर चुकलं नाही, कारण आधी मी एकटीने उघडून पाहिलं होतं. न कळत तयारी मीच करून ठेवली होती!

वर्गात हे रोज घडतं. दोन मॉनिटर आहेत. दोघांनाही सांगितलंय, 'माठ रिकामा दिसला तर पाणी भर.' दोघंही एकदम बघतात, दोघंही बादली घेऊन जातात आणि दोघंही ओततात. वर्गभर पाणी. दोघांचीही चूक नाही. बघणं आणि भरणं यांच्यामध्ये वेळ गेला, तिथे घोटाळा झाला.

यावर उपाय साधा होता. यादी भरण्याचं काम सर्व्हिसमधून काढून इनिटमध्ये नेलं आणि लोड-ऑन-स्टार्टअपला १ दिला. एकदाच हाक मारण्याची आणि बाकीच्यांना थांबवण्याची जबाबदारी सर्व्हरने घेतलेलीच आहे. ती मी उगाच स्वतःकडे घेतली होती.

मी भावाला विचारलं, "बघण्याआधी कुलूप लावलं असतं तर?" तो म्हणाला, चाललं असतं, पण मग यादी भरून झाल्यावरही प्रत्येक विनंतीला कुलपापाशी थांबावं लागलं असतं. म्हणून काही जण पळवाट काढतात : आधी कुलूप न लावता बघायचं, रिकामं दिसलं तरच कुलूप लावून पुन्हा बघायचं आणि मग भरायचं. ऐकायला छान वाटतं. पण जावाच्या जुन्या नियमांत 'तयार' ही पाटी तयारी पुरी होण्याआधीच दुसऱ्या थ्रेडला दिसण्याची शक्यता असायची. बाहेरून पाटी बघून तो आत जायचा आणि अर्धवट तयार झालेली वस्तू वापरायचा. २००४ साली आलेल्या जावा ५ मध्ये नियम सुधारले. तेव्हापासून त्या पाटीला 'व्होलटाइल' असं लिहिलं तर ही पद्धत भरवशाची झाली. तो शब्द विसरला तर धोका आजही आहेच. इनिटमध्ये तयारी केली तर या वाटेला जावंच लागत नाही.

माझी दुसरी चूक : पाटीवरचं फळ्यावर लिहिलं

ही चूक जास्त गंभीर, कारण हिच्यामुळे मी मुलांना बोलले.

प्लगिनमध्ये माहिती ठेवायच्या तीन जागा असतात. मी त्यांना अशी नावं दिली आहेत :

- फळा : प्लगिनची स्वतःची जागा. प्लगिन एकच, म्हणून फळाही एकच. सगळ्या थ्रेडना तोच दिसतो आणि सगळेच त्यावर लिहू शकतात.
- पाटी : एका विनंतीपुरती जागा. प्रत्येक थ्रेडची आपली वेगळी. काम झालं की पुसली जाते.
- वही : सेशन. एकाच मुलाच्या पहिल्या विनंतीपासून शेवटच्या विनंतीपर्यंत टिकणारी जागा.

प्रश्नांची यादी फळ्यावर हवी. ती सगळ्यांना सारखीच, आणि घंटा झाल्यावर कोणी ती बदलत नाही. नुसतं वाचायचं असेल तर १२ काय, २०० जणही एकदम वाचू शकतात. पण मुलाचं नाव पाटीवर हवं. मी ते फळ्यावर लिहिलं होतं.

काय झालं बघा. त्या मुलीने 'जमा करा' दाबलं. तिच्या थ्रेडने फळ्यावर तिचं नाव लिहिलं आणि तो उत्तरं तपासायला बसला. तेवढ्यात त्या मुलाने बटण दाबलं. त्याच्या थ्रेडने तिचं नाव पुसून त्याचं लिहिलं. आता मुलीचे गुण मोजून झाले, १८. थ्रेडने फळ्याकडे पाहिलं, नाव दिसलं मुलाचं. निकालात लिहिलं, मुलगा १८. मग मुलाचे गुण मोजून झाले, ११. लिहिलं, मुलगा ११. मुलगी यादीतून गायब, मुलगा दोनदा.

आणि 'सगळ्यांनी एकदम दाबा' हे मीच सांगितलं होतं. म्हणजे घोळ होण्याची पुरेपूर सोय मीच केली होती.

उपाय एका ओळीचा होता. नाव फळ्यावरून काढून पाटीवर नेलं. निकालाच्या फाइलीत लिहिताना मात्र कुलूप ठेवलं, कारण ती फाइल सगळ्यांची मिळून एकच आहे आणि तिच्यात एका वेळी एकानेच लिहिलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडायचं असा नियमच का नाही करत? तशी सोय सर्व्हलेटमध्ये होती. तिचं नाव सिंगल-थ्रेड-मॉडेल. पण त्यातून खोटा विश्वास तयार व्हायचा. प्लगिनची एक प्रत सुरक्षित राहिली तरी फाइल, सेशन आणि समाईक जागा यांचा घोळ तसाच राहायचा. म्हणून २.४ या आवृत्तीपासून ती वापरू नका असं सांगितलं गेलं आणि ६.० मध्ये काढूनच टाकली.

'एकदाच' म्हणजे कशात एकदा?

सगळ्या सर्व्हरचे नियम सारखे नसतात. अपाचे संस्थेचाच दुसरा एक जुना वेब सर्व्हर आहे, एचटीटीपीडी. त्याच्या प्लगिनना मॉड्यूल म्हणतात. हा सर्व्हर सुरू होताना मांडणीची फाइल दोनदा वाचतो. पहिल्यांदा ती बरोबर आहे का हे तपासायला आणि दुसऱ्यांदा खऱ्या कामासाठी. त्यामुळे त्या टप्प्यावर मॉड्यूलच्या तयारीलाही दोनदा हाक मारली जाते. मग मुख्य प्रोग्राम आपली अनेक मुलं, म्हणजे उपप्रोग्राम, तयार करतो आणि प्रत्येक मुलात मॉड्यूलला 'आता तू या घरात तुझी तयारी कर' अशी वेगळी हाक येते. त्यानंतर त्या मुलातले थ्रेड विनंत्या घेऊ लागतात.

म्हणजे तिथे तयारीचे दोन थर झाले. मुख्याध्यापक शाळेची तयारी करतात, वर्गशिक्षक आपापल्या वर्गाची. शाळेची घंटा एकच, पण फळे वर्गागणिक वेगळे. चौथीच्या फळ्यावर लिहिलेलं तिसरीला दिसत नाही. म्हणून कोणतंही प्लगिन लिहिणाऱ्याने आधी हे विचारावं : ही तयारी अख्ख्या सर्व्हरसाठी एकदा, प्रत्येक उपप्रोग्रामसाठी एकदा, की प्रत्येक विनंतीसाठी?

शाळा सुटताना

सर्व्हर बंद होताना क्रम उलटा असतो. आधी सर्व्हलेट आणि फिल्टर आवरतात, शेवटी लिसनरना निरोप मिळतो. म्हणजे जो आधी आला तो शेवटी जातो, शाळेच्या शिपाईमामांसारखा. डिस्ट्रॉयला हाक मारण्याआधी सर्व्हर आत असलेल्या थ्रेडना काम संपवायला थोडा ठरावीक वेळ देतो. शेवटचं मूल बाहेर पडल्याशिवाय वर्गाला कुलूप लावायचं नसतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

वर्गात करून बघा

पाचवी ते सातवीच्या वर्गात हा खेळ १५ मिनिटांत होतो. फळ्यावर ० लिहा. चार मुलं घ्या. प्रत्येकाने पाच वेळा १ मिळवायचा. शेवटी २० यायला हवेत.

पहिली फेरी : मुलाने फळ्यावरचा आकडा वाचायचा, जागेवर जाऊन पाटीवर त्यात १ मिळवायचा, परत येऊन फळ्यावरचा आकडा पुसून आपला लिहायचा. चौघांनी एकदम करायचं. बहुतेक वेळा २० पेक्षा कमीच येतात. कोणीही चुकीची बेरीज केलेली नसते, तरी उत्तर चुकतं. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

दुसरी फेरी : एकच खडू ठेवा. खडू हातात असेल त्यानेच वाचायचं आणि लिहून झाल्यावरच तो ठेवायचा. आता बरोबर २० येतात, पण वेळ जास्त लागतो. हे झालं कुलूप.

तिसरी फेरी : प्रत्येकाने आपल्या पाटीवर पाच रेघा ओढायच्या. शेवटी एकाने चौघांच्या रेघा मोजून फळ्यावर लिहायचं. बरोबरही येतं आणि पटकनही होतं.

मग विचारा, "सुरुवातीचं ० मी न लिहिता तुम्हालाच लिहायला सांगितलं असतं तर? फळा कोरा वाटला की ज्याने त्याने ० लिहायचं?" मुलं स्वतःच सांगतील की उशिरा लिहिणारा आधीच्यांचं पुसून टाकेल. सुरुवातीची तयारी घंटेच्या आधी आणि एकानेच का करायची, ते इथे त्यांना आपोआप कळतं.

जाता जाता

आपल्या मुलांच्या चाचण्या, हजेरी, गुण आता हळूहळू ॲपमध्ये जात आहेत. एखाद्या दिवशी ॲप म्हणेल, हा मुलगा गैरहजर होता किंवा हिने पेपर दिलाच नाही. तेव्हा आधी मुलाला विचारा आणि त्याचं ऐकून घ्या. गडबड गर्दीच्या वेळी झाली होती का, पुन्हा एकट्याने केल्यावर ती दिसेनाशी होते का, हेही बघा. तसं असेल तर मुलाला बोलण्याआधी ॲप बनवणाऱ्याला ते कळवा. गर्दीत चुकणारं आणि एकट्याने बरोबर चालणारं काम बहुतेक वेळा याच जातीचं असतं.

दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर मी त्या दोघांना पुढे बोलावलं आणि सगळ्या वर्गासमोर सांगितलं की चूक माझी होती, त्यांची नव्हती. मुलीचे १८ गुण तिच्या नावावर लिहिले. मुलगा म्हणाला, "बाई, म्हणजे माझे ११च ना?" मी म्हटलं, "हो रे, ११च." तो म्हणाला, "मग बरोबर आहे. मला तेवढेच येत होते."